लेथला बांधलेला रुमाल

१२ फेब्रुवारी

प्रिय भाऊजी,

आशीर्वाद. मी बरी आहे. स्वयंपाकघरातला गळका नळ अखेर बदलून घेतला. गुडघा कुरकुरतो, पण त्याचं ऐकायला मला सवड नाही.

तुमचे दादा गेल्यापासून मी वाचनालयात जाऊन बसते. "वहिनी आता प्रोफेसर होणार," असं तुम्हीच सगळ्यांना सांगत फिरता. तर या प्रोफेसरीणबाईंनी परवा एक जाडजूड पुस्तक वाचलं. चाळिशी-पन्नाशीतली माणसं मरण्याचं प्रमाण वर्षानुवर्षं कसं बदलत गेलं, त्याचा आलेख होता. दोन रेघा. बायकांची खाली, पुरुषांची वर. दोन्ही उतरत आल्यात, पण मधली फट काही बुजत नाही. मी त्या फटीकडेच बघत बसले. आम्ही विधवा तिथेच तर राहतो.

कारणंही दिलीत. तंबाखू, दारू, ब्लडप्रेशर. आणि पुरुष डॉक्टरकडे उशिरा जातात म्हणे! का जातात उशिरा? ते मला विचारा.

तुमच्या वर्कशॉपची ती मर्दुमकी. कोणी दवाखान्यासाठी रजा घेतली की दुसऱ्या दिवशी त्याच्या लेथ मशीनच्या हँडलला बायकी रुमाल. "या बाईसाहेब, सापडली का नाडी?" दादा एकदाच गेले. डॉक्टरांनी हृदयाची तपासणी करून घ्यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी रुमाल खिशात घालून घरी आले. "धाकट्याने बांधला गं. जाम हसले सगळे." स्वतःही हसले. तपासणीला मात्र गेले नाहीत. छातीत जळजळलं की तुमच्या खिशातली ॲसिडिटीची गोळी. मशीनजवळ कोसळले तेव्हाही तोंडात तीच होती.

लोक म्हणाले, आयुष्यच तेवढं होतं. तुम्हीही म्हणालात. आयुष्य तेवढं नव्हतं, भाऊजी.

काल जाऊबाई रडत आल्या होत्या. तुम्ही घरचा जिना चढताना मध्येच बसता, छाती चोळता, आणि डॉक्टरांचं नाव काढलं की "मी काय बाई आहे?" म्हणून त्यांच्यावर खेकसता. मग व्हा की बाई! बाया जगतात.

सोबत तोच रुमाल पाठवते आहे. धुऊन, इस्त्री करून ठेवला होता. सगळ्यांदेखत स्वतःच्या हाताने स्वतःच्या लेथला बांधा आणि तडक दवाखाना गाठा. हसू देत त्यांना.

नाही गेलात, तर पुन्हा माझ्या दारात येऊ नका.

तुमची,
अजून तरी,
वहिनी