न हललेला ठिपका

नाशिक रोड
११ फेब्रुवारी, मंगळवार

ताई,

सप्रेम जय भीम. आई बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण आई त्याला उलटं ऐकवते. मीही बरा आहे. तू मजेत असशील असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं.

पत्र कशाला, फोन का नाही, असं म्हणशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. माझी दोन वाक्यं झाली की तुझं "मुद्द्यावर ये" सुरू. पत्रात मध्येच तोडता येत नाही. आता बस वाचत.

मुद्दा तू मेसेज करकरून कळवलाच आहेस. त्या संध्याकाळच्या मूळ फाइली दे. गॅमा किरणांचा जो स्फोट उपग्रहांनी पकडला, त्याच्यामागे उरलेला उजेड सगळ्यात आधी नाशिकजवळच्या दुर्बिणीतून दिसला, असं तुम्ही जगाला कळवून बसलात. दुसऱ्या दिवशी परदेशातल्या कुठल्या तरी मोठ्या दुर्बिणीने तिथे पाहिलं तर काहीच नाही. तुम्ही म्हणता विझलं. ते म्हणतात, होतं कशावरून, मूळ फोटो दाखवा. नाही दाखवले तर कळवलेलं मागे घ्यायचं, तुझ्या सरांचं तोंड वाकडं, आणि तुझं पुढच्या वर्षीचं काम लटकलेलं. फाइली माझ्याशिवाय कुणाकडे नाहीत.

देत नाही.

तुझ्या सरांना सांग, नाशिकचा एक अर्धवट शिकलेला माणूस नाही म्हणतोय. त्यांना गंमत वाटेल. त्यांनी जन्मात कधी स्वतःच्या हाताने दुर्बिणीचा घुमट फिरवलाय का ग? तुमच्याकडे सगळं बटणावर. आमच्याकडे घुमटाचं चाक अडकलं की लाथ घालावी लागते, आणि ती कुठे घालायची हे कळायलाच मला महिना गेला. सुरगाण्याला जीप चालवायचो तेव्हा बरं होतं. मागे सतरा माणसं, टपावर नागलीची पोती, आणि शिकलायस किती म्हणून विचारणारं कुणी नाही. ती जीप सोडली का, तर मालकाचा मेहुणा. तो वेगळा विषय आहे. मग त्र्यंबकला बसमधून उतरणाऱ्यांच्या मागे "रूम पाहिजे का, पूजा करायची का" करत फिरलो. तिथे माणसं इतकी घाबरून येतात की त्यांना काहीही विकता येतं. आठ दिवसांत शिसारी आली.

आणि मग रावजीशेठ भेटला. द्राक्षबाग मोडून तंबू ठोकलेला आणि परदेशी दुर्बीण आणलेला महापुरुष. त्याने तिच्यातून काय विकावं? गुरुदर्शन! लग्न जमत नाही, नोकरी लागत नाही, तर या, प्रत्यक्ष गुरू ग्रह डोळ्यांनी बघा, गुरुबळ वाढवा, सोबत चुलीवरचं जेवण. लोक चपला काढून घुमटात येतात ग. दुर्बिणीला हात जोडतात. एका बाईने नळीवरून मीठमोहऱ्या उतरवल्या. मी शेजारी उभा राहून म्हणायचो, "डोळा मिटू नका मावशी, दुसरा मिटा."

तुम्ही लोक या सगळ्यापेक्षा फार वेगळे आहात, असं मला वाटत होतं.

तुझा स्फोट मी आईला समजावला होता. कुठेतरी लांब ताऱ्याचा जीव जातो, आणि गॅमा किरणांचा लोट सुटतो. काही सेकंदांचा मामला. आपली हवा तो अडवते, म्हणून पकडायला वर उपग्रह लागतो. पण उपग्रहाला नीट जागा कळत नाही. तो म्हणतो, साधारण या जिल्ह्यात. दुसऱ्या उपग्रहाला तोच लोट किंचित मागेपुढे लागतो, त्या फरकावरून जागा आवळत तालुक्यापर्यंत आणतात. मग जमिनीवरच्या दुर्बिणींनी धावत सुटायचं आणि त्या तालुक्यातलं घर शोधायचं, कारण मागे राहिलेला उजेड भराभर विझत जातो. आई म्हणाली, "म्हणजे फटाका कुणी फोडला ते धुरावरून बघायचं." तुझ्या सरांपेक्षा बरं सांगितलं तिने.

संक्रांतीच्या पुढच्या आठवड्यातली ती संध्याकाळ. दिवेलागण होऊन गेलेली. घुमटाच्या बाहेर निफाडचं अख्खं एक कुटुंब रांगेत. नातीचं लग्न जमत नव्हतं म्हणून तिचा आजोबा, खंडेराव, सगळ्यांना घेऊन आलेला. ती पोरगी भिंतीकडे तोंड करून मोबाईल बघत होती. तेवढ्यात तुझा फोन.

"भारत, दुर्बीण मोकळी आहे का?"

"नाय. गुरू चालू आहे."

"गुरू उद्याही असणार आहे, मूर्खा. हे विझेल. कॅमेरा लाव, मी आकडे पाठवते. सगळीकडे ढग आहेत, नाहीतर दिवसाचा उजेड आहे. आत्ता फक्त तू आहेस."

फक्त तू आहेस. असं तू मला कधी म्हणाली होतीस? मी सगळ्यांना बाहेर काढलं. खंडेराव तेवढा निघेना. त्या लोखंडी पायऱ्या चढताना त्याचा जीव मेटाकुटीला आला होता.

"मी आता उतरत नसतो. तुझं काय आसंल ते कर. मी हितं बसलोय."

"बाबा, हे सरकारी काम आहे."

"मंग कर की. सरकारी कामाला कोण नाय म्हणतंय? मी बी नुसता बसलोय."

बसला. तू पाठवलेले आकडे टाकले, दुर्बीण कण्हत वळली, कॅमेरा लावला, फोटो सुरू केले. एक झाला की दुसरा. आकाशाच्या जुन्या नकाशाशेजारी आपला फोटो ठेवून बघितला, तर एक ठिपका जास्तीचा. मोबाईलने पडद्याचा फोटो काढून तुला धाडला. तू फोनमध्ये किंचाळलीस. "भाऊ! भाऊ रे माझ्या!" असं तू दहावीच्या निकालालाही ओरडली नव्हतीस. मी त्या म्हाताऱ्याला मिठी मारली.

खाली उतरलो तर रावजीशेठ उभा. "माझा गुरू बंद केलास? तू पण बंद." नोकरी गेली. गेली तर गेली, मला सवय आहे.

तासाभरात तुमचं कळवणं निघालं. वर नावं. तुझ्या सरांचं, तुझं, आणखी दोघांचं, त्यातला एक तर तेव्हा रजेवर होता, तूच सांगितलंस. मी विचारलं, माझं? तू म्हणालीस, "नावापुढे संस्था लिहावी लागते. तुझ्यापुढे काय लिहू? सुरगाणा जीप स्टँड?"

चांगला विनोद होता. मीपण हसलो.

विषय निघाला म्हणून लिहितो. दोन वर्षांपूर्वी मी तुझ्या संस्थेत आलो होतो, आईने दिलेली लसणाची चटणी घेऊन. कॅन्टीनमध्ये तुझ्या त्या मैत्रिणीने विचारलं हा कोण, तर तू म्हणालीस, आमच्या कॉलनीतला मुलगा आहे, इकडे काम बघायला आलाय. मी मान डोलावली. चहा प्यायलो. आईला येऊन सांगितलं, ताईने जेवू घातलं. याबद्दल मला काही म्हणायचं नाही.

तर फाइली मिळणार नाहीत. पत्र संपलं.

बुधवार

संपलं नाही. सकाळी पाकीट घेऊन निघालो आणि कॉलनीच्या तोंडाशीच थांबलो. बंटीने फ्लेक्स लावलाय. तुला बंटी आठवत असेल. निवडणूक कुठलीही असो, हा इच्छुक. "आकाशाला गवसणी घालणारी आपली लेक हर्षाली" आणि खाली विहारात रविवारी भव्य सत्कार. तुझा फोटो पासपोर्टएवढा, त्याचा पोस्टरएवढा, आणि मागे दुर्बीण म्हणून केबलवाल्याची डिश. मी म्हटलं, "ही दुर्बीण नाय." तो म्हणाला, "लोकांना काय कळतंय?" तुझे सर आणि बंटी यांची एकदा ओळख करून द्यायला हवी. जमेल त्यांचं.

आई मात्र त्या फ्लेक्ससमोर पिशवी घेऊन कितीतरी वेळ उभी होती. कुणीतरी म्हणालं, "लताबाई, रविवारी तुम्हीपण दोन शब्द बोला." तेव्हापासून ती आरशापुढे पाठ करतेय. "माझ्या लेकीने आभाळात एक ठिपका शोधला. तो आधी कुणाला दिसला नव्हता." मग थांबते. पुन्हा पहिल्यापासून. तू आलीस की तुझ्यासमोर म्हणणार आहे. मी आतल्या खोलीत होतो, पण भिंत पातळ आहे आपली.

आता ऐक.

नोकरी गेल्यावर मी रिकामाच होतो. तुम्ही माझं नाव टाकलं नाहीत, तर आपणच आपलं दाखवावं, म्हणून त्या फोटोंची एक पट्टी केली, व्हिडिओसारखी, स्टेटसला ठेवायला. गाणंसुद्धा निवडलं होतं. लावून बघितली तर मधेच सगळे तारे टुणकन एका बाजूला उडाले. म्हटलं, बिघडलं काहीतरी. मग आठवलं. फोटो चालू असताना खंडेराव उठला होता, पाय आखडला म्हणून, आणि त्याचा खांदा नळीला लागला होता. मी तुला सांगितलं नाही, कारण तू विचारत होतीस एवढंच, निघाला का, निघाला का.

सगळे तारे सरकले, ताई. ठिपका जागचा हलला नाही.

आकाशातला असता तर सगळ्यांबरोबर गेला असता. तो आकाशात नाहीच. कॅमेऱ्यातला एक बिघडलेला पिक्सेल आहे. तरी मला पटेना. माझी बॅग आणायचं निमित्त करून रावजीशेठकडे गेलो, तो जेवायला बसला तेवढ्यात कॅमेऱ्याला झाकण लावलं आणि फोटो काढला. आत मिट्ट काळोख, आणि त्या काळोखात आपला ठिपका तिथेच, तसाच. झाकण लावून असा फोटो आधी काढायचा असतो, म्हणजे कॅमेऱ्याचे स्वतःचे डाग कळतात, हे तूच मला शिकवलंस. त्या दिवशी तू तेवढाही दम धरला नाहीस. मोबाईलने काढलेल्या पडद्याच्या फोटोवर जगाला कळवून मोकळी झालीस. लहानपणी माझ्या गणितात उत्तरापुढे मीटर लिहिलं नाही म्हणून कान पिळणारी तू. पहिलं यायची एवढी घाई! हात जोडणारे ते निफाडकर परवडले. त्यांना निदान गुरू तरी खरा दिसतो.

म्हणून फाइली दिल्या नाहीत. तुला वाटलं नावासाठी अडून बसलाय, तर मी वाटू दिलं. फाइली मिळाल्या नाहीत म्हणून तुम्ही मागे घेतलं असतं, तर दोष त्या बेभरवशाच्या जीपवाल्यावर गेला असता. माझं काय जाणार होतं? पण फाइली मिळाल्या की दोष तुझ्यावर येतो. तुझ्या सरांनी चूक केली तर ती चूक असते. तू केलीस की तिथले लोक म्हणणार, वाटलंच होतं. ते मोठ्याने म्हणणार नाहीत. चहा पिताना नुसते एकमेकांकडे बघतील. ती नजर मी त्या कॅन्टीनमध्ये बघितली आहे, आणि तू मला कॉलनीतला मुलगा का केलंस तेही मला तेव्हाच कळलं होतं. कळलं म्हणून राग गेला असं नाही.

पण आईला रविवारी माईकवर मी ते वाक्य बोलू देणार नाही.

सोबत मेमरी कार्ड आहे. त्यात सगळ्या फाइली आहेत, झाकणाचा फोटोही आहे. कुरिअरवाला म्हणतो शुक्रवारी मिळेल. त्याच दिवशी कळवा, आमचं चुकलं, ठिपका कॅमेऱ्यातला होता. पकडला गेलेला माणूस वेगळा आणि आपणहून सांगणारा वेगळा, एवढं तुझ्या संस्थेतही कळत असेल. आणि ठिपका वगळून बाकी फोटो चांगले आहेत. मी आकाशाचा तो सगळा तुकडा पुन्हा नकाशाशी ताडून बघितला, नवीन काही नाही. आम्ही त्या वेळी पाहत होतो आणि काही दिसलं नाही, हेही तुम्ही एकमेकांना कळवता ना? तुमच्या धंद्यात तेवढी एकच गोष्ट मला शहाणपणाची वाटते. ते लिहा. तेवढं तरी खरं आहे. माझं नाव त्यात टाकायचं का, ते तू ठरव. मी विचारणार नाही.

तू ये मात्र. सत्काराचं मी बघतो, बंटीशी भांडायला मला कारण लागत नाही. पण शनिवारी रात्रीची गाडी न धरता दिवसाची धर, आणि स्टेशनवरून सरळ घरी येऊन आईला तू सांग. ती रडेल, मग तुला जेवायला वाढेल. मी सांगून उपयोग नाही. मी सांगितलं तर तिला वाटेल, हा बहिणीवर जळतो.

आणि ते काही अगदीच खोटं नाही.

तुझा भाऊ,
भारत