फिटलं की येतो

नाना,

इतक्या वर्षांनी तुमच्याशी बोलायला बसले आणि विषय काय, तर गृहकर्ज! हसा तुम्ही. माझी मुदत ठेव सुटलीय आणि तेवढ्या पैशांत उरणच्या या फ्लॅटचं उरलेलं सगळं कर्ज एका फटक्यात फिटतं. घरात मात्र दोन पक्ष पडलेत. तुमचे जावई म्हणतात, भरून टाक, मोकळी हो. नोकरीला लागलेली तुमची नात म्हणते, "आई, वेडी आहेस का? व्याज कमी आहे, पैसे फंडात टाक, हप्ता चालू राहू दे." न्हावा शेव्याच्या ऑफिसात दिवसभर लोकांच्या कंटेनरांचे घोळ निस्तरणारी मी, कित्येक महिने या एका गोष्टीवर नुसती चालढकल करतेय.

तुम्हाला कर्ज म्हटलं की अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं. श्रीवर्धनला वाडीतली सुपारी विकली जाण्याआधी सोसायटीकडून उचल घ्यावीच लागायची, पण ती घेतली की त्याच दिवशी तुमची गादी गुंडाळून माळ्यावर जायची. उचल फिटेपर्यंत तुम्ही ओटीवर, चटईवर. आई करवादायची, "कंबर मोडून घेतली म्हणजे सोसायटी व्याज सोडते होय?" तुम्ही आपली चटई झटकून अंथरायचात. मग कधीतरी सुपारीचे पैसे येतात, तुम्ही सोसायटीतून परत येता आणि पायरीवर पाय धुता धुताच ओरडता, "अगो, गादी काढ!" त्या हाकेची मी दिवाळीसारखी वाट बघायचे. त्या दिवशी मी तुमच्या आधी गादीवर लोळून घ्यायचे आणि तुम्ही रागवायचा नाहीत.

आमच्या वास्तुशांतीला आलात, पोटभर जेवलात, प्रत्येक नळ सोडून बघितलात. मी आतल्या खोलीत हौसेने तुमच्यासाठी नवी गादी घातली होती. तुम्ही दारातूनच बघितलीत. "ही गुंडाळून ठेव. फिटलं की येतो, चांगला महिनाभर राहतो."

मी चिडलेच. "नाना, वीस वर्षांचं कर्ज आहे!"

"मग? मी कुठे पळून जातोय?" म्हणालात, आणि दुपारची एसटी पकडलीत. पळालातच की हो, कायमचे! पुढची सुपारी उतरायच्या आत. लबाड कुठले.

काल जावई वैतागले, "तुझं नक्की अडतंय कुठे?" मी व्याजदराचं काहीतरी सांगितलं. सगळ्या थापा. हप्ता कापल्याचा मेसेज आला की मला बरं वाटतं, नाना. हप्ता चालू आहे तोवर तुम्ही अजून यायचे आहात. ज्या दिवशी बँक घराचे कागद परत देईल, त्या दिवशी न येण्याचं कारणच संपेल, आणि तरी तुम्ही येणार नाही. त्या दिवसाचीच भीती वाटते. फार आठवण येते हो तुमची.

पण तुम्हाला असं किती वर्षं चटईवर ठेवू? माझाच जीव तुटतो. सोमवारी भरून टाकते. तुमची नात चार दिवस तोंड फुगवून बसेल, बसू दे. हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार, राहील इथेच टेबलाच्या खणात. एकच सांगायचं राहिलं. पैसे अजून भरायचेत, पण गादी मी आज सकाळीच माळ्यावरून काढून उन्हात टाकलीय.