डावी पोटरी

प्रिय बयो,

तुझी सगळी पत्रं पोचली. प्रत्येकात तेच, ‘आई, माझ्यामुळे बाबा गेले.’ सुट्टीला आलीस ती ताप घेऊन, तो त्यांना लागला, हे खरं. पण नवव्या दिवशी त्यांचा ताप उतरला. तू परत निघालीस तेव्हा ते उठून बाइंडिंगला आलेल्या पुस्तकांचे पुठ्ठे कापत होते.

पुढचं तुला मी सांगितलेलं नाही. त्यांची डावी पोटरी सुजली. उजवी ठणठणीत. मी म्हटलं, “इतके दिवस लोळलात, आता कामाचं नाव काढलं की पाय दुखणारच!” ते हसले. “तुझ्या तोंडाला दोन टाके घालायला हवेत.” तीन दिवस मी ती पोटरी तेल लावून रगडली. चौथ्या सकाळी कडी काढायला दारापर्यंत गेले, छातीवर हात ठेवला, धापा टाकत खाली बसले ते उठलेच नाहीत.

मी शाळा पाहिली नाही, बाइंडिंगला येणाऱ्या पुस्तकांवरच वाचायला शिकले. डॉक्टरकीचं एक जाडजूड पुस्तक तेव्हा घरातच होतं, त्यांनीच शिवलेलं. त्यातली चित्रं बघवत नसत म्हणून मी वाचलं नव्हतं. तुझे बाबा गेल्यावर वाचलं. अशा तापात रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर दुखावतं, रक्त गोठू लागतं, ताप गेल्यावरही काही आठवडे. एकच पाय सुजला तर चोळू नये, तडक दवाखाना गाठावा. रक्ताची गाठ सुटून फुप्फुसात अडकते. माझ्या चोळण्यानेच सुटली का, ते पुस्तक सांगत नाही. पण त्यांचा ताप बघायला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी मला आधीच बजावलं होतं, “पाय सुजला तर लगेच आणा.” मी ‘हो हो’ म्हटलं आणि विसरले.

दोन वर्षं हे मला माहीत आहे. तरी तुला रडू दिलं. तुझं माफीचं पत्र आलं की मला हलकं वाटायचं. पोस्टमनची वाट पाहायचे मी.

काल जावईबापूंचा फोन आला. तुला साधी सर्दी झाली तरी तू बाळाला चार-चार दिवस जवळ घेत नाहीस म्हणे. ते दाराशी रडतं आणि तू आतून कडी लावून बसतेस. म्हणून हे लिहिलं. ताप तू आणलास, पाय मी रगडला. दार उघड, लेकराला घे. माझ्याशी बोलायचं की नाही, ते मग ठरव.

तू नाही म्हणालीस तरी तुझीच,
आई