तीन नंबरच्या बाटलीचे गुण

राजोडी, ता. वसई
७ जानेवारी १९४६

प्रिय थेरेसाबाय यांस ॲन्सेल्म मास्तरचा आदरपूर्वक नमस्कार.

या थंडीत तुमचे गुडघे कसे आहेत? वांद्र्याच्या घराचे जिने त्यांना मानवत नाहीत असे कळले होते. इकडे आम्ही दोघे खुशाल. तुमची धाकटी बहीण फिलू रोज तुमची आठवण काढते. मीही काढतो (रोज नव्हे). पत्रास कारण विशेष काही नाही, म्हणूनच ते लांबणार आहे.

काल तीन राजांच्या सणाला, मिस्सानंतर, आमच्या ओटीवर वाईन-परीक्षक मंडळाची वार्षिक सभा भरली. नाताळासाठी घरोघरी झालेली मनुकांची वाईन चाखायची, प्रत्येक बाटलीला दहापैकी गुण द्यायचे आणि ते वहीत उतरवून मागच्या सालांशी ताडून पाहायचे, एवढेच मंडळाचे काम. चिटणीस मी, कारण वही माझी. ओळख पटू नये म्हणून शेजारचा पोरगा बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून वर नुसते नंबर घालतो. कोणता नंबर कोणाचा, ती यादी बंद पाकिटात. परीक्षा अशी कडक, पण परीक्षकांचे काय सांगू! मार्सेलला तीन मुली याच गावात उजवायच्या आहेत, त्यामुळे तो सरसकट आठ देतो. पीटर मासळीवाला, घशाला चटका बसला नाही तर तो गुणच देत नाही, आणि बसला तर ठसक्यामुळे त्याला आकडा सांगता येत नाही. फ्रेडरिक चर्चमध्ये व्हायोलिन वाजवतो, कान तयार, पण जिभेवर त्याचा स्वतःचाच भरवसा नाही. म्हणून प्रत्येक नंबर पुन्हा एकदा मागून घेतो. पाचव्या बाटलीला त्याने दहापैकी तेरा दिले. मी ते दहावर आणले (बराच वाद झाला).

माझी एकतीस वर्षे मास्तरकीत गेली, त्यामुळे गुणांपुढे शेरा लिहिल्याशिवाय माझा हात थांबत नाही. तीन नंबरची बाटली आली. रंग सुरेख. घोट घेतला आणि डोळे मिटले ते लवकर उघडेनात. आंबट तर होतीच, वर लवंग इतकी की दाढदुखीवर द्यावी. मी लिहिले : ‘चार. पुन्हा परीक्षेस बसावे.’ मंडळींना वाचूनही दाखवले. सगळे पोट धरून हसले, मी सर्वांत जास्त.

मग पाकीट फोडले. तीन नंबर आमच्याच घरचा होता.

तेवढ्यात फिलू चहा घेऊन दारात आली आणि तिने विचारले, “आमच्या बाटलीला किती?” थेरेसाबाय, मामलेदाराच्या मुलाला नापास करताना मी कचरलो नव्हतो. काल मी वहीवर तळवा दाबून ‘नऊ’ म्हणालो. मार्सेलच्या तोंडात एरवी तीळ भिजत नाही, पण तोही चाराचा आकडा गिळून मान डोलावू लागला.

मंडळी गेल्यावर मी वहीची मागची पाने उलटली. १९४३च्या नाताळाला साडेनऊ. १९४४च्या नाताळाला सात. या नाताळाला चार. साताचा दोष मी तेव्हा रेशनच्या साखरेला देऊन मोकळा झालो होतो. पण रेशन सगळ्या गावाला सारखेच, आणि दुसऱ्या कोणाचे गुण असे उतरलेले नाहीत. मग आठवले, चव्वेचाळीस साली तिला विषमज्वर झाला, एकवीस दिवस. तेव्हापासून वेणीत फूल माळताना ती ते नाकाशी नेत नाही. परवा दूध करपले, ती चुलीशेजारी तांदूळ निवडत बसली होती. धूर डोळ्यांना दिसला तेव्हा उठली. तापाने तिचे नाक आणि जीभ नेली, आणि दीड वर्ष तिने हे कोणाला कळू दिले नाही. लग्नघरी जिची वाईन आहे असे कळले की पाद्री वेळेआधी येत, ती बाई नुसत्या अंदाजाने लवंग टाकत होती. आणि मी रोज दोन वेळा तिच्यासमोर बसून जेवतो. मला माझी फार लाज वाटली. संध्याकाळी मी वहीत चाराचे नऊ केले. गुणांत खाडाखोड मी आयुष्यात पहिल्यांदा केली, आणि त्याचे मला काडीचेही वाईट वाटत नाही.

बाकी सर्व ठीक. गुडघ्यांना तीळतेल लावत जा.

आपला,
ॲन्सेल्म

ता.क. ईस्टरची वाईन ती पुढच्या महिन्यात घालणार आहे. तुम्ही आठवडाभर या. आईची रीत विसरले, मला शिकव, असे म्हणा आणि चाखायचे काम हळूच आपल्याकडे घ्या. गावात तिचे नाव या वाईनीवर आहे, ते तिच्या हातून जाऊ नये. मी काही लिहिले आहे हे मात्र तिला कळू देऊ नका.

आणखी ता.क. त्रेचाळीस साली तुमच्या बाटलीला तीन गुण पडले, ते मंडळाचे मत होते, माझे नव्हे (माझे दोन होते). तरी जीभ तुमची शाबूत आहे, म्हणून राग सोडून यावे.

थेरेसाबाय, मी फिलू. पाकिटाला खळ लावायला ह्यांनी पत्र माझ्याच हातात दिलं. सगळं वाचलं, डोळ्यांना पानी आलं. चव गेली हे सांगायची लाज वाटली गं, म्हणून बोलले नाही. तू ये. मी शिकवते, तू चाख, आणि मला काही ठाऊक नाही असंच ह्यांना वाटू दे. चार पडले ते मला कालच कळलं होतं, ह्यांचं वाचणं, हसणं आणि मग पाकिटातलं नाव, सगळं चुलीपर्यंत आलं. नऊ म्हणाले तेव्हा मला वाटलं, चारचौघांत अब्रू राखायला म्हणाले असतील. म्हणून आज दुपारी घरात आम्ही दोघंच असताना मी कालवणात मीठ घातलंच नाही.

ह्यांनी दोनदा मागून घेतलं.