पडद्यावर राहिलेली भाकरी

सर, आज शाळेत जे झालं ते कुणाला सांगायची सोय नाही. घरी सांगितलं तर म्हणतील, एवढंसं काय मनाला लावून घेतेस. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ऐकून घ्याल असं वाटतं ते तुम्हीच. रागवालसुद्धा. रागवाच.

आपल्या सुरतच्या मराठी शाळेतली ती कॉम्प्युटरची खोली आठवते मला. तुम्ही बेसिक भाषेत मेनूचा प्रोग्राम शिकवताय. मी सगळे पदार्थ एकाच प्रिंटच्या आज्ञेत कोंबले आहेत आणि तुम्ही ओरडताय, "ताटात सगळं कालवून वाढतेस का गं? एका ओळीत एकच पदार्थ! आणि आधी पडदा पूस. उष्ट्यावर कुणी पंगत बसवतं का?" मग विचारता, "तुझ्या आईने आज काय केलंय?" आई कापडाच्या लूमवरच्या कामगारांसाठी खानावळ चालवायची, आणि मला त्याची मेल्याहून मेल्यासारखी लाज. मी पुटपुटते, "कळण्याची भाकरी." पोरं फिदीफिदी हसतात. तुम्ही मराठवाड्यातले, कळणा म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ, हे माझ्याकडूनच विचारून घेतलंत आणि पहिल्या नंबरला भाकरी टाकलीत. खाली शेवभाजी, भरीत, फुनके-कढी. "हसताय काय लेको, मला तर भूक लागली," म्हणालात. त्या रविवारी खरंच खानावळीत येऊन बसलात आणि आईला म्हणालात, "वहिनी, मला एक नंबर वाढा." आईला काही उमगेना, आणि मी दाराआड हसून लोटपोट.

आता मी पर्वत पाटियाजवळच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवते. मोठी शाळा आहे, चकचकीत. इथे मी दिवसभर गुजराती बोलते, इतकी सफाईदार की मी खानदेशची आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही, आणि मीही येऊ देत नाही. मुलांना मेनू करायला दिला होता, तसाच, तुमच्यासारखा. वर्गात एक मुलगी आहे, वडील लूमवर. तिने पहिल्या नंबरला काय लिहावं? कळण्याची भाकरी. मुलं हसली. आणि मी, सर, मी म्हणाले, "बेटा, पालक येणार आहेत, काहीतरी चांगलं लिही ना." तिने मुकाट्याने दुसरा प्रोग्राम केला. पिझ्झा, सँडविच, पावभाजी.

आज पालक आले. तिचे वडील रात्रपाळी संपवून थेट आलेले, केसांत अजून सुताचे तुसे. तिने प्रोग्राम चालवला, आणि पडद्यावर वर भाकरी, शेवभाजी, भरीत, त्याखाली पिझ्झा. सकाळी तिने गुपचूप आपला जुना मेनू चालवून पाहिला असणार, आणि नव्यात पडदा पुसायची आज्ञा टाकायची राहिली. वडिलांचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू! "हाई ते आपली भाकर शे ना वं!" मग माझ्याकडे वळून मोडक्या गुजरातीत विचारलं, वरचं काय नि खालचं काय?

मी सांगितलं, "वरचं चुकून राहिलंय." गुजरातीत सांगितलं. आणि हात पुढे करून पडदा पुसला.

ते ओशाळले. मुलीला हळूच म्हणाले, "ऱ्हाऊ दे, मॅडमले आपली बोली येत नही." मुलगी मान खाली घालून उभी. तिला ठाऊक नाही की मला शब्द न् शब्द कळत होता. माझी आई असंच बोलायची. त्या बोलीत एक वाक्य बोलले असते तर त्या माणसाची मान ताठ राहिली असती. जीभच उचलली नाही. काय म्हणावं या मेलीला?

उद्या पुन्हा तिचाच तास आहे. तो मेनू मी स्वतः वर्गासमोर चालवायला हवा, मोठ्याने वाचायला हवा, तुमच्यासारखा. जमेल का, देव जाणे.

पाठवायचं तरी कुठे हे पत्र? तरी एक राहिलंच. पालक गेल्यावर मी लॅबचं दार लावून डबा उघडला. दार रोजच लावते, कुणाला दिसू नये म्हणून. आत एक नंबरच होता, सर.