दीड मीटरचं स्वातंत्र्य

रविवार, ४. सकाळी १०

अ‍ॅम्प्लिफायर घरी आला. वय माझ्याएवढंच, तब्येत माझ्यापेक्षा बरी. लाकडी पेटी, समोर चंदेरी पत्रा, सात बटणं, दोन हलणारे काटे. वजन चौदा किलो. जिन्यात तीनदा टेकवला. शेजारीणबाईंनी विचारलं, शिलाई मशीन का? हो म्हटलं. सगळ्यांना सगळं समजावत बसायला मला वेळ नाही.

स्पीकर मुद्दामच घेतले नाहीत. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला हेडफोन लावून ऐकण्यात जी मजा आहे, ती नुसत्या मोबाइलवर नाही. मोबाइल हेडफोनला चमच्याने पाजतो, हा तांब्याने पाजतो. बायकोला हेच समजावलं. ती म्हणाली, टेबलाच्या कडेला ठेवू नका, पडेल.

छोट्या खोलीत ठेवला. ही खोली माझी आहे. तिच्यात इस्त्रीचं टेबल, सुटकेसी आणि मुलीची सायकल असते, पण तत्त्वतः माझी.

संकल्प: रोज संध्याकाळी साडेसात ते साडेआठ. एक तास कुणाचंही काही ऐकायचं नाही.

बुधवार, ७

हेडफोनची पिन बारीक, अ‍ॅम्प्लिफायरचं भोक मोठं. जोडपिन आणली. मोबाइल मागून जोडला. आवाज आला! काय आवाज! फक्त उजव्या कानात.

गाणं जुनं असल्यामुळे असेल. पूर्वीचे लोक साधे होते, एका कानात भागवत असतील.

हेडफोनची वायर दीड मीटर. खुर्ची टेबलाला चिकटवूनच बसावं लागतं. मान जास्त वळवली की पिन निघते. म्हणून वळवायची नाही. एकाग्रतेला उलट बरंच आहे.

शुक्रवार, ९

जेवताना बायकोने विषय काढला. तिच्या भावाची बदली झाली. सासरे त्याच्याकडे असतात, आता त्यांनी कुठे जायचं?

सासऱ्यांनी तीस वर्षं छापखान्यात मशीनजवळ काढली. कान तिथेच गेले. टीव्ही इतका मोठा लावतात की शेजाऱ्यांना स्वतःचा लावायची गरज पडत नाही. माणूस उत्तम. लांबून मला फार आवडतात.

आमच्याकडे आले तर छोट्या खोलीतच येणार. मी म्हटलं, विचार करू. विचार झालेला आहे. नाही.

संकल्प: उद्या स्पष्ट सांगायचं. आवाज न चढवता, पण ठाम.

शनिवार, १०

सांगणारच होतो, तेवढ्यात साडेसात वाजले.

आज तबला ऐकला. द्रुत लय सुरू झाली आणि बायको दारात येऊन उभी राहिली. ओठ हलत होते. माझी मान डोलत होती. ती थोडा वेळ थांबली, हसली आणि गेली. मला सुखात पाहून तिलाही बरं वाटलं असणार.

सोमवार, १२

बायको पुन्हा आली. या वेळी हातात वही. काहीतरी विचारलं, माझ्याकडे पाहिलं, वहीत खूण केली. असं तीनदा. हेडफोन काढला असता, पण समेवर यायला दोनच आवर्तनं उरली होती. आणि काढून करायचं काय? किराणाच असणार.

सासऱ्यांचा विषय तिने परत काढलेला नाही. माझा चेहरा पाहून काय ते समजली असेल. इतक्या वर्षांचा संसार आहे.

बुधवार, १४

घरी आलो तर छोट्या खोलीतून सायकल गायब. इस्त्रीचं टेबलही. सुटकेसी माळ्यावर. फरशी पुसलेली. मी एक शब्द न बोलता घराला कळलं की ही खोली माझी. हे आधीच करायला हवं होतं.

अ‍ॅम्प्लिफायरवर मात्र ओले मोजे वाळत होते. बायको म्हणाली, वरून छान गरम लागतो.

शुक्रवार, १६

अर्धी रजा टाकली. चौदा किलो घेऊन रेडिओ मेकॅनिककडे. डावा कान येत नाही म्हटलं. त्याने पुढची बटणं फिरवली, एक मिनिट ऐकलं आणि म्हणाला, दोन्ही बाजू ठणठणीत आहेत. बिचाऱ्याचे कान गेलेत. वादात पडलो नाही.

घरी आणून सगळी बटणं माझ्या जागी लावली. ती जागा मी पूर्ण अभ्यास करून ठरवलेली आहे. डावा कान बंदच. म्हणजे माझंच बरोबर.

रविवार, १८. संध्याकाळी ८

खुर्चीचं चाक वायरीवर चढलं आणि वायर दांड्याभोवती गुंडाळली गेली. मान खाली ओढली गेली ती तशीच. हेडफोन काढून सुटता आलं असतं. पण मग मी वायरीपुढे हरलो असा अर्थ झाला असता. पंचवीस मिनिटं वाकून बसलो. हाका मारल्या. मुलीला वाटलं, बाबा गातायत.

शेवटी बायको आली. काहीतरी विचारलं. मी ओरडलो, हो, हो, अगं हो. तिने सोडवलं. फारच खूश दिसली.

मंगळवार, २०

छोट्या खोलीत पलंग आलाय. बायको म्हणाली, तुम्हाला विचारूनच घेतला. मला आडवं पडून ऐकता यावं म्हणून असणार. किती समजून घेते. फक्त वायर पलंगापर्यंत पोचत नाही.

शुक्रवार, २३. संध्याकाळी ७

दारात काठी. हॉलमध्ये ट्रंक. ट्रंकेशेजारी सासरे.

बायकोला स्वयंपाकघरात नेलं. हे काय, विचारलं. तिला प्रश्नच कळला नाही.

"अहो, तीनदा विचारलं तुम्हाला. आणू का त्यांना, छोटी खोली देऊ का, कायमचं चालेल का. तिन्ही वेळा मान हलवलीत. रविवारी तर हो हो म्हणून ओरडलात."

मग तिने डोळे पुसले. "मी बाबांना सांगितलं, ह्यांनी एकदाही कुरकुर केली नाही. फोनवर रडले हो ते."

मी तबल्यावर डोलत होतो, एवढंच सांगायचं होतं. चार शब्दांचं वाक्य. मी म्हटलं, चहा टाक त्यांना.

शनिवार, २४

सासरे अ‍ॅम्प्लिफायरसमोर चष्मा लावून उभे राहिले. यंत्र दिसलं की हात स्वस्थ राहत नाहीत. म्हणाले, "जावईबापू, हे बॅलन्सचं बटण उजवीकडे पूर्ण पिरगाळून कुणी ठेवलंय?" त्यांनी ते मध्ये आणलं.

मी हेडफोन लावून पाहिला. डावा कान आला.

मग त्यांनी लावला. आवाज वाढवत गेले. काटे थरथरायला लागले. एका जागी हात थांबला आणि ते केवढ्यांदा तरी म्हणाले, "अगं, पेटी वाजतेय. मागे पेटी वाजतेय." कान गेल्यापासूनच्या अकरा वर्षांत त्यांना गाण्यातलं काही वेगळं असं ऐकू आलं नव्हतं. बायको तोंड फिरवून उभी राहिली. मीही तोंड फिरवलं. त्याचा मला फार राग आला.

मंगळवार, २७

टीव्हीही अ‍ॅम्प्लिफायरला जोडला. जोडणारा मीच. सासरे सकाळपासून हेडफोन लावून बसतात. माझ्या खुर्चीत. वायर जराही ताणली जात नाही, कारण ते उठतच नाहीत.

घरात आवाज म्हणून नाही. मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर. फ्रिज ऐकू येतो. नळ ऐकू येतो. मुलगी मैत्रिणीला माझ्याबद्दल जे सांगते तेही येतं. दोन्ही कानांनी.

संकल्प: सासऱ्यांशी मोकळेपणाने बोलायचं. माणूस समंजस आहे.

शुक्रवार, ३०. संध्याकाळी साडेसात

गेलो. समोर उभा राहिलो. म्हटलं, "तुमच्या मुलाचं तिकडे बस्तान बसलं की तुम्ही त्याच्याकडे जाल ना?"

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. एकदा नाही, चांगली चारपाच वेळा. इतकं हलकं मला महिनाभरात वाटलं नव्हतं. मग काट्यांकडे लक्ष गेलं. मान त्यांच्याबरोबर हलत होती.

मागून बायकोने विचारलं, बाबांच्या कपड्यांना इथे एक कपाट घेऊ या ना?

मी मान हलवली. कानांवर काहीही नव्हतं.