उजवीकडची खोली

४ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझी बायको आणि लेक माझ्याकडे सुखरूप पोचल्या. लेकीने आल्या आल्या माझं कपाट ताब्यात घेतलंय. बायकोने अजून बॅग उघडलेली नाही. लिफ्ट दुरुस्त करायला गेलेला तू लिफ्टच्याच टपावर पिऊन झोपलास, हे ऐकून मी हसले. मग कळलं, की आत एक गरोदर बाई दीड तास अडकून होती. हसू जिथल्या तिथे विरलं.

फोन करू नकोस. फोनवर तू गोड गोड खोटं बोलतोस. कागदावर खोटं लिहायचा तुला आळस आहे. तुमच्या वाचनालयाच्या दुसऱ्या मजल्यावर दर गुरुवारी संध्याकाळी सहाला दारू सोडणाऱ्यांची सभा भरते. आमच्या शाळेच्या नर्सने शोधून दिलंय. जा. तीन महिने कोरडा राहिलास तर तुझी बायको बोलायला तयार आहे. परत यायला नव्हे, नुसतं बोलायला.

राग आणि माया सारख्याच मापाने पाठवणारी,
ताई

१० जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गेलो होतो. पाय धरतो, पुन्हा पाठवू नकोस.

दुसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन खोल्या. दोन्हींत खुर्च्या गोल मांडलेल्या, दोन्हींत माणसं पडेल चेहऱ्याची. मी डावीकडे शिरलो. चष्मेवाल्या बाई म्हणाल्या, नवीन दिसता, मोकळेपणाने बोला. मी उभा राहिलो आणि पाठ केलेलं एका दमात सांगून टाकलं, की मी अकरा वर्षं लिफ्ट दुरुस्त करतो आणि अकरा वर्षांत पूर्ण शुद्धीवर असताना एकही दोर तपासलेला नाही.

ताई, ती लिफ्टची भीती वाटणाऱ्यांची सभा होती.

एक गृहस्थ तोंडावर रुमाल धरून बाहेर गेले. दुसऱ्याने फार अदबीने विचारलं, की त्याच्या ऑफिसची लिफ्ट कोण बघतं. मीच बघतो. चष्मेवाल्या बाई म्हणाल्या, मी त्यांच्या दोन वर्षांच्या मेहनतीवर पाणी फिरवलं, आणि त्यांनी मला उजवीकडचं दार दाखवलं. पण मी त्या दाराकडे वळलो नाही. सगळ्यांच्या मागून जिन्याने उतरलो.

तुझ्या शिव्यांना पात्र,
धाकटा

१६ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र मोठ्याने वाचलं. तुझी बायको ठसका लागेपर्यंत हसली. मग आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. लोकांना हसवून निसटायची तुझी कला ती माझ्याहून जास्त ओळखते.

उजवीकडे जा. विनोद जिन्यात ठेवून जा.

ताई

२८ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उजवीकडे जातोय. आज अडतीस दिवस. साहेबांनी त्या लिफ्टपायी घरी बसवलंय, पण लवकरच परत घेतील म्हणतात. मंडळी थोर आहेत. एक दंतवैद्य आहे, आता थरथरत नाही हे दाखवायला तो आपला हात सारखा कुणाच्या तरी तोंडासमोर नेतो. आणि एक सत्तरीची बाई, मी तिला सुईबाई म्हणतो. एकोणीस वर्षं थेंब नाही. सभाभर स्वेटर विणते, कुणी बढाई मारली की सुई थांबवते. मी बोललो तेव्हा तीनदा थांबली.

लेकीला पापा. तिच्या आईला काय कळवू ते सुचत नाही.

धाकटा

२५ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

चार आठवडे पत्र नाही. परवा सवयीने तुझ्या साहेबांचा नंबर लावला, तुला ताप आलाय म्हणून सांगायला. घंटा वाजायच्या आत ठेवून दिला.

जिवंत असशील तर एक ओळ लिही. मेला असशील तर मात्र तुला सोडणार नाही.

ताई

३० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

प्यायलो. एकेचाळिसाव्या दिवशी. दुःख वगैरे काही नव्हतं. साहेबांनी कामावर परत घेतलं, छान ऊन होतं, म्हणून साजरं केलं. नऊ दिवस केलं.

दहाव्या सकाळी सुईबाई धापा टाकत चार मजले चढून आली. (आमच्या इमारतीची लिफ्ट बंद आहे. माझ्याकडेच आहे ती.) मी उपदेशाची वाट बघत बसलो. तिने खिडकी उघडली आणि म्हणाली, खोलीला मेलेल्या उंदराचा वास येतोय, उंदराला चालता येत असेल तर त्याने तोंड धुऊन यावं. जिन्यात तिने सांगितलं, की त्या एकोणीस वर्षांच्या आधी तिने सात वेळा पहिल्यापासून मोजलंय. मला वाटायचं, ती जन्मतःच शुद्धीवर होती.

त्या संध्याकाळी सभेत उभा राहून म्हणालो, आज पहिला दिवस. एक विनोद सुचला होता, केला नाही. आज एकोणिसावा. तुला लिहायची लाज वाटत होती. लेकीच्या आईलाही सांग, मी लपवत नाही.

धाकटा

५ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आधी तुला मनसोक्त शिव्या घातल्या. मग कळलं, की तुझी बायको जानेवारीपासून इथे दारुड्यांच्या घरच्यांच्या सभेला जाते, मला भाजी आणायला जाते सांगून. तरीच भाजी येत नव्हती. काल तिने मला ओढून नेलं. मी ठणकावून सांगितलं, की मी पीत नाही, मी फक्त बहीण आहे. आणि मग तोंडातून आपोआप निघालं, की अकरा वर्षं तुझे ताप, तुझ्या उलट्या आणि एकाच काकांचा तीनदा झालेला मृत्यू तुझ्या साहेबांना मीच कळवलाय. सगळे हसले. मला मात्र रडू आवरेना. तुझ्या बायकोने माझा हात धरून ठेवला.

यापुढे तुझ्यासाठी खोटं बोलणार नाही. माझ्याकडून एवढंच घे. खाली तिला जागा सोडलीय.

तुझी, आता कोणाचीही वकिली न करणारी,
ताई

वन्संनी वाचून दाखवायच्या आधीच तुमचं पत्र मी उघडून वाचलं. पकडले न जाता तुम्ही प्रथमच काही कबूल केलंत. दिवस तुमचे तुम्ही मोजा, मला कळवू नका. रविवारी दुपारी या. जेवायला नाही, नुसतं बसायला. फार वेळ बसलात तर जेवायलाही.